आतोबा आणि पुण्याचा फोन

माझ्या आतोबांइतका श्रीमंत माणूस तंजावरात दुसरा झाला नाही, हे मी कोणासमोरही छातीठोकपणे सांगेन. पैसा तेवढा त्यांच्यापाशी नव्हता, पण ती बाब त्यांच्या लेखी अगदी किरकोळ होती. पाटबंधारे खात्यात त्यांनी सारा जन्म कालव्यांचे नकाशे काढण्यात घालवला. कावेरीचं पाणी कुठल्या फाट्यानं कोणाच्या शेतात उतरतं ते त्यांना डोळे मिटून सांगता येई. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवून टाकलं की पैशाचंही तसंच असतं. तो वरून सुटलेलाच असतो, आपल्या मनातला फाटा तेवढा गाळानं बुजलेला असतो. हे ज्ञान त्यांना त्रिचीच्या फूटपाथवर मिळणाऱ्या इंग्रजी पुस्तकांतून झालं होतं. देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते, टीव्हीवर रोज नव्या मोटारीची जाहिरात लागे आणि जो तो आपली पाळी कधी येते याची वाट बघत होता. आतोबा वाट बघत नव्हते. त्यांची खात्री होती.

रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीची वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीवजा धोतर, नेसून, ते तिण्णैवर म्हणजे घरापुढच्या ओट्यावर येऊन उभे राहत आणि रस्त्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणत, "पैसा येतो आहे!" एकदा तमिळमध्ये, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. त्याला कुठली भाषा कळते ते सांगता येत नाही, म्हणून. दूधवाला सायकल थांबवून विचारी, "कुठवर आला, राव सार?" आतोबा जराही न हसता सांगत, "जवळच, पापनाशमपर्यंत आला असेल." घरात 'परवडत नाही' हे शब्द उच्चारायला बंदी होती. त्याऐवजी 'अजून वेळ आली नाही' म्हणायचं. आत्या बिचारी बाजारात जाऊन वांग्यांचा भाव ऐकून म्हणे, "अजून वेळ आली नाही." त्या भाजीवाल्या बाईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की या मराठ्यांच्या घरी राहुकाळ फार कडक पाळतात. त्रिचीला जायचं झालं की आतोबा स्टेशनात नेमके पहिल्या वर्गाचा डबा येतो तिथे जाऊन उभे राहत. शरीराला श्रीमंतीची सवय व्हायला हवी, असं पुस्तकात लिहिलं होतं. मग गाडी आली की पिशव्या सांभाळत दोघं दुसऱ्या वर्गाकडे धावत सुटत. आत्या मला म्हणायची, "सवय झाली ती माझ्या गुडघ्यांना. पळायची!"

पण त्यांचं खरं वेड निराळंच होतं. आमची घरं तंजावरात केव्हाची आली ते आमचं आम्हांलाही धड ठाऊक नाही. घरात बोलायचं मराठी, बाहेर तमिळ, आणि घरातल्या मराठीतही डबरा नावाच्या पसरट वाटीतल्या कापीपासून, म्हणजे कॉफीपासून, तिण्णैपर्यंत निम्मे शब्द तमिळ. देवनागरी वाचता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आतोबा स्वतः मराठी पत्रं तमिळ लिपीत लिहीत. त्यामुळे बाहेर, परक्या तोंडून मराठी कानावर पडली की त्यांची समाधी लागे. मोठ्या देवळात कोणी यात्रेकरू बाई मुलाला "अरे, पाय धू" म्हणाली की आतोबा तिथेच तिला घरी जेवायला बोलावत. एकदा सात माणसांचं एक नागपूरकडचं कुटुंब असं उचलून आणलं. आत्यानं डांगर पच्चडी आणि भात वाढला. त्यांची कॉलेजातली मुलगी आतोबांचं 'मी जातों', 'तें कसें' ऐकून ओढणीआड हसत होती. आतोबांच्या ते लक्षात आलं होतं, तरी ते मजेत होते. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "हसली तर हसली. मराठीत हसली ना?" आमच्यात कोणी फसवाफसवीची गोष्ट काढली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे: "मराठी माणूस तंजावरच्या मराठी माणसाला फसवायचा नाही. आपण उरलों आहोंत किती?"

मी बी.कॉम. होऊन एका ब्राउझिंग सेंटरच्या गल्ल्यावर बसायला लागले तेव्हाची ही गोष्ट. प्लायवूडचे आठ खण, आठ कंप्यूटर आणि तासाचा दर लिहिलेली पाटी. आतोबा पहिल्यांदा आले ते चपला बाहेर काढून, हात जोडून आत आले. "पैशाचा नवा फाटा हा," ते मला म्हणाले. एका बोटानं टाइप करत त्यांनी जगभरातल्या ईमेलांना उत्तरं धाडली. परदेशातली एक विधवा त्यांच्या नावावर कोट्यवधी रुपये करायला निघाली होती. तिला त्यांनी दोन परिच्छेदांचं सांत्वन लिहिलं, मुलांची शिक्षणं कुठवर आली ते विचारलं आणि पैशाला सविनय नकार दिला. भोळे होते म्हणून कोणी म्हणेल, तर तसंही नाही. उलट माझ्या गल्ल्यामागे त्यांनी स्वतःच्या हातानं एक तक्ता लिहून लावला होता, नकाशावरच्या त्या रेखीव अक्षरांत. अनोळखी माणसाला पैसे पाठवू नयेत. जो घाई करतो त्याला थांबवावं. काम देणाऱ्यानं आधी पैसे मागितले तर उठून यावं. येणारी जाणारी मुलं तो तक्ता वाचत आणि दोघातिघांचे पैसे त्यापायी खरोखर वाचले.

आणि मग पुण्याचा फोन आला. घरबसल्या टाइपिंगचं काम देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा फॉर्म आम्ही इंटरनेटवर भरला होता. भरला होता म्हणजे आतोबांच्या नावानं मीच भरला होता. त्यात मातृभाषेचा रकाना होता. "मराठी लिही, मोठ्या अक्षरांत लिही," आतोबा माझ्या खांद्यावरून वाकून सांगत होते. तिसऱ्या दिवशी आतोबांच्या घरच्या फोनवर, मी तिथेच असताना, एक तरुण आवाज आला, "काका, नमस्कार. तंजावरला आपली माणसं आहेत हे ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!" आतोबांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. "ऐक, ऐक कसा बोलतो तें." मी ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. पुढच्या फोनात त्या मुलानं आत्याच्या गुडघ्यांचीसुद्धा चौकशी केली. निवृत्तीच्या पैशातली मोठी रक्कम अनामत म्हणून पुण्याला गेली. तक्ता माझ्या पाठीमागे भिंतीवर होता आणि मी त्याच्याकडे पाठ करूनच बसले होते.

एक सीडी आली. तिच्यात इंग्रजी पुस्तकाच्या पानांचे फोटो होते, कुठल्याशा देशातल्या मेंढ्यांच्या लोकरीबद्दल. ती पानं सेंटरात बसून जशीच्या तशी टाइप करून पाठवायची. पहिल्या खेपेला एक छोटासा चेक आला, तो वटलाही. आतोबांनी तो वटायच्या आधी देवापुढे ठेवला होता. दुसऱ्या खेपेला उत्तर आलं की चुका फार आहेत, पैसे मिळणार नाहीत. ज्या माणसाचा एकही नकाशा वरच्या साहेबानं कधी परत धाडला नाही, त्या माणसानं ते मुकाट्यानं मान्य केलं. "वय झालें गं माझें," म्हणाले, आणि चष्मा पुसून सगळी पानं पुन्हा टाइप करायला बसले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मग त्या मुलाचा फोन आला की काका, तुमच्या ओळखीची दहाबारा घरं जोडून द्या, चुकांचं मी सांभाळून घेतो, तुम्हांला तंजावरचे प्रमुख करतो. आतोबा दारोदार हिंडले. आमच्या लोकांपैकी अकरा घरं तयार झाली. त्यांत शिवणाचे क्लास घेणारी एक विधवा बाई होती. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली ठेव मोडून तिनं ड्राफ्ट काढला होता. रविवारी सकाळी सगळ्यांनी आपापले ड्राफ्ट घेऊन आतोबांकडे जमायचं आणि सोमवारी ते ड्राफ्ट टपालानं पुण्याला धाडायचे, असं ठरलं.

शनिवारी जवळच्या ओरत्तनाडू गावाहून बसनं आलेली एक मुलगी आमच्या सेंटरात शिरली. तिच्या हातातही सीडी होती. तिला पानं छापून हवी होती म्हणून मी ती लावली. त्याच मेंढ्या, तीच लोकर. एका पानाच्या कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा आला होता, तोसुद्धा तोच. कंपनीचं नाव वेगळं, पत्ता कोइंबतूरचा. तिच्याही चुका फार निघाल्या होत्या. "पण तो अण्णा किती गोड बोलतो, अक्का," ती मला तमिळमध्ये सांगत होती, "धाकटी बहीण मानून मला तंगच्ची म्हणतो. माझ्या आईची रोज चौकशी करतो." मी विचारलं, फॉर्ममध्ये मातृभाषा काय लिहिली होतीस? "तमिळ," ती म्हणाली.

सेंटर माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीवर टाकून मी तशीच भर दुपारी आतोबांकडे गेले. तिच्या सीडीतलं आणि आमच्या सीडीतलं अशी दोन्ही पानं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती शेजारी शेजारी लावली, नकाशा तपासावा तशी एकेक ओळ तपासली आणि त्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "पण तो मराठी बोलतो गं." मला इतका राग आला! त्यांचा नव्हे, त्या मेल्याचा. आतोबांनी फोन उचलून पुण्याचा नंबर फिरवला. "काका!" असा आनंदी आवाज मला लांबूनही ऐकू आला. आतोबांनी शांतपणे विचारलं, "बाळ, ओरत्तनाडूच्या एका मुलीशीं तमिळ कोण बोलतें तुमच्याकडे?" पलीकडून फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कोणी उचलेना.

आता प्रश्न उद्याचा होता. आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, कंपनी बंद पडली म्हणून सांगा. लोक ड्राफ्ट घेऊन परत जातील. तुमचें नांव तरी राहील." मीही तेच म्हटलं. काय वाईट होतं त्यात? अकरा घरांचे पैसे वाचणार होतेच. आतोबांचे गेले ते गेलेच होते, निदान अब्रू तरी राहिली असती. या माणसानं आयुष्यभर या लोकांची सरकारी पत्रं लिहिली होती, मुलांचे फॉर्म तपासले होते. त्यांच्या शब्दाखातर ही माणसं ठेवी मोडून आली होती. आतोबांनी आमचं ऐकून घेतलं आणि उठून वेष्टी वाळत घालायला गेले.

रविवारी सगळे आले. चटयांवर बसले, कापी झाली. शिवणाच्या क्लासची बाई ड्राफ्टचं पाकीट मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. आतोबा उभे राहिले. बोलायला उभं राहायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. "मी फसलों," ते म्हणाले. "माझे पैसे गेले. तुमचे आज गेले असते, तें माझ्यामुळें. मीं इतरांना नियम लिहून दिले आणि माझ्या वेळीं एकही पाहिला नाहीं. तो आपलें बोलला, तेवढ्यानें मीं कांहीं विचारलें नाहीं." विमा विकणारे एक गृहस्थ होते, ते ताडकन उठून म्हणाले, "हें सांगायला बोलावलें काय आम्हांला? आम्ही काय समजावें, रावजी?" आतोबा म्हणाले, "मी मूर्ख आहें असें समजा. खोटा आहें असें समजूं नका." विमावाले खाली बसले. भिंतीशी उभी असलेली मी जमिनीकडे बघत होते, कारण वर बघितलं असतं तर मला रडू फुटलं असतं.

कोणी उठेना. शेवटी ती शिवणाची बाईच म्हणाली, "ड्राफ्ट रद्द करायला बँकेंत काय लिहून द्यायचें, मामा? मला इंग्रजी येत नाहीं." आतोबांनी कागद मागवले. खाली मांडी घालून, पाटावर कागद ठेवून त्यांनी त्या सकाळी अकरा अर्ज लिहिले, अकराही त्याच रेखीव अक्षरांत. प्रत्येकाला वाचून दाखवले, सही कुठे करायची ते पेन्सिलीनं खूण करून सांगितलं. विमावाल्यांचा अर्ज सगळ्यांत शेवटी झाला. तो घडी करून खिशात ठेवताना ते म्हणाले, "उन्हाचे जाऊं नका कुठें, रावजी." पुढच्या आठवड्यात आतोबा पोलिसांकडे तक्रार देऊन आले. तिचं पुढे काही झालं नाही.

काही वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी पुण्यालाच आले. देवनागरी मला हिंदीच्या परीक्षांमुळे येत होती, इथली मराठी हळूहळू जिभेवर बसली. आतोबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण मी नवी नवी आले होते तेव्हा ते दर रविवारी फोन करत. एकदा मी मोठ्या उत्साहानं त्यांना सांगत होते, "आतोबा, इकडे सगळेच मराठी बोलतात हो! रिक्षावाला, भाजीवाली, बँकेतला शिपाई, सगळे."

"सगळे?"

"अगदी सगळे."

त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता, खरोखरच विचारत होते.

"मग आपलें माणूस कोणतें, तें तुम्हांला कळतें कसें गं?"

"आत्याला द्या जरा फोन," मी म्हटलं.