पिना मारलेला समुद्र

"पिन काढायची नाही, आणि का मारली हे विचारायचं नाही!"

बी.ए. झाल्या झाल्या बोरगाव मेघेतल्या वाचनालयात मी काउंटरवर बसले, तेव्हा पहिल्याच दिवशी अध्यक्ष आप्पाजींनी मला हा नियम सांगितला. आप्पाजी आणि त्यांचे दोन सोबती म्हणजे आमची 'वाचन समिती'. नवी कादंबरी आधी हे तिघे वाचणार आणि बायकांनी वाचू नये अशी पानं स्टेपलरनं बंद करणार. मी मान डोलावली. ही नोकरी गेली असती तर घरी एकच विषय उरला असता, स्थळं!

पण पार्सल मीच फोडायची. त्यामुळे पिना मारायच्या आधीच माझं सगळं वाचून झालेलं असायचं. हे समितीला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी एक समुद्रावरची कादंबरी आली. जुना काळ, शिडाचं जहाज, ते हाकणारा तरुण तांडेल रायाजी आणि वखारवाल्याची मुलगी मंजिरी. आमच्याकडचं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे बोर धरण. तरी पुस्तकाला रांग लागली! पुस्तक परत करताना माणूस आपलं मतही काउंटरवर ठेवून जातो. मतांसाठी रॅक नव्हता, म्हणून ती माझ्याकडेच साचली.

पहिलं मत किराणावाल्या शेठजींचं. वादळात जहाज हलकं करायला रायाजी मिऱ्याची पोती समुद्रात फेकतो. शेठजींनी पुस्तक काउंटरवर आपटलं.

"मिरे काऊन फेकले?"

"जहाज बुडत होतं, शेठजी."

"मग तोफा फेका न बाप्पा! मिऱ्याचा भाव माहीत आहे का त्याले?"

मग सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. रायाजीच्या खांद्याला गोळी लागते आणि मंजिरी पदर फाडून जखम बांधते. ते पान वाचून मी रडले होते, आमच्या शेजारीणबाई तर दोनदा रडल्या होत्या.

सिस्टरांनी चष्मा काढून शांतपणे विचारलं, "पदर उकळून घेतला होता का तिनं?"

जामच्या चौकात ढाबा चालवणारे एक काका पुस्तक खास गाडीनं येऊन घेऊन गेले. वारा पडतो आणि जहाजं बंदरात अडकतात, तो भाग त्यांना सगळ्यात आवडला. पण लेखकावर ते जाम चिडले होते.

"एवढी जहाजं उभी! माणसं नुसती बसून राह्यली! अन् त्या लेखकानं साधी एक भज्याची गाडी नाई लावली तिथं!"

मधल्या पिना मारलेल्या पानांची तर वेगळीच तऱ्हा. बायका पुस्तक उभं धरून वरच्या फटीतून वाचायच्या. एकीनं मला हळूच गाठलं.

"ताई, सगळं दिसलं व, फक्त खालच्या दोन ओळी नाई दिसल्या. तेवढ्या सांगजो!"

मी आठवून सांगितल्या. "वारा फिरला. खलाशांनी शिडं उतरवली."

"बस? एवढ्यासाठी माही मान दुखली?"

पण शेवटच्या पानांना मात्र समितीनं चारही बाजूंनी पिना मारल्या. फट नाहीच! काय झालं असेल, यावर नळावर भांडणं झाली. मला माहीत होतं, पण शेवट फोडला तर नोकरी जाणार, म्हणून मी सांगत नव्हते.

संक्रांतीचं हळदीकुंकू वाचनालयाच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. हॉल समितीचा, म्हणून तिघंही समोर खुर्च्यांवर बसले होते. विषय निघालाच.

आप्पाजींच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "त्यात काय विचारता? पोरगी बुडते. मले यायनंच सांगतलं."

दुसऱ्या सदस्यांच्या बायकोनं वाण खाली ठेवलं. "कायची बुडते? आमच्याकडं तर तिचं लग्न झालं. पोरगा पण झाला!"

तिसऱ्या गोंधळून म्हणाल्या, "आमच्याकडं ती काशीले गेली..."

हॉल हसून लोटपोट! आप्पाजी लाल झाले. मग माझ्याकडे वळले. मी पुस्तक वाचलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं; काउंटरवरच्या पोरीनं नुसती त्यांची री ओढायची होती.

"पोरी, तू सांग यायले. ती बापाच्या घरी वापस येते. हाव न?" आणि खालच्या आवाजात, "नाई तं काउंटरची चावी ठेवजो."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"नाही, आप्पाजी," मी म्हटलं. "ती घरी येत नाही. रायाजीला किनाऱ्यावर उतरवते आणि जहाज स्वतः हाकत पुढं जाते. कोणीही विचारलं तरी मी हेच सांगणार. आणि चावी देणार नाही."

काकूंनी तिळगुळाचा डबा बाजूला सरकवला.

"एकटी?"

"एकटी."

"अन् त्यानं तिले थांबवलं नाई?"

"थांब म्हणतो ना. पण तोवर जहाज निघालेलं असतं."

काकू वळून आप्पाजींकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "आण ते पुस्तक. पिना मीच काढीन."