पिशवी आणि सोवळं

गुदाशयाचा कर्करोग परत आलाय, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी घाबरण्याऐवजी चिडलो. तीन वर्षांपूर्वी एक ऑपरेशन झालंच होतं. आता गुदाशय आणि भोवतालचा बराच भाग काढावा लागणार होता, आणि शौचासाठी पोटावर कायमची पिशवी. नाही केलं तर फार दिवस हातात नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

विचार कसला, मनातून नकार पक्का होता. मुंज झाल्यापासून घरच्या देवांची पूजा मी सोवळ्यातच केली. पूजेआधी कुणाचा धक्का लागला तरी पुन्हा आंघोळ करणारा मी, पोटाला मळ बांधून देवाला हात लावणार? त्यापेक्षा गेलेलं बरं, असं वाटे. बिबवेवाडीतल्या घरी हे बोललो नाही; बायकोने माझीच पूजा बांधली असती.

पुढच्या तपासणीला नकार सांगायला एकटाच गेलो. शेजारी कात्रजपलीकडच्या खेड्यातली एक म्हातारी बसली होती. डब्यातला थोडा शिरा तिने माझ्या हातावर ठेवला. "घ्या दादा, देवीचा परसाद हाय. सकाळी मीच केलाय." बाहेरचं मी खात नाही, पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं? खाल्ला. मग विचारलं, कुणाला घेऊन आलात?

"कुनाला कशाला? मलाच दाखवायचंय. हगायची जागाच काढली माजी. सात वर्सं पिशवी हाय पोटाला."

मी चाचरत विचारलं, "आणि देवाचं?"

"करते की. धुते, बांधते, बसते. आदी काय माजं पोट रिकामं व्हतं व्हय?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. साठ वर्षं मीही तेच आत घेऊन देवापुढे बसत होतो. नंबर लागला, आत गेलो आणि डॉक्टरांना म्हणालो, तारीख द्या. बाहेर आलो तेव्हा ती नव्हती. ती कोण, याची चौकशी मी केली नाही. तिला कुणी पाठवलं, ते मला ठाऊक होतं.

ऑपरेशन मोठं झालं, पुढे बरेच दिवस हाल झाले. घरी पहिल्यांदा पूजेला बसलो आणि ऐन अभिषेकात पिशवीत आवाज झाला. हात थांबला, डोळे भरून आले. दारातून बायको म्हणाली, "अहो, थांबलात का? देव अर्धेच भिजलेत."

मी उरलेलं पाणी घातलं. देवांना पुसलं, गंध लावलं. इतकी वर्षं देवापुढे मी सोवळं घेऊन बसलो. त्या दिवशी होतो तसा बसलो, आणि त्याने मला बसू दिलं.