‘आमचो बॅकप आसा’

कुणी भेटलं की विचारतं, "धंदा कसा चाललाय?" मी सांगते, धंदा बरा चाललाय, किस्से मात्र जोरात.

गोव्यात डिचोलीच्या बाजाराजवळ एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. मी आणि माझा धाकटा दीर प्रसाद, दोघंच. काम सांगायला सोपं आहे. कारखान्याच्या किंवा पेढीच्या सर्व्हरवर जे काही असतं, म्हणजे बिलं, पगार, गिऱ्हाइकांची नावं, त्याची एक प्रत रोज इंटरनेटवरून आपोआप दूरच्या एका मोठ्या सर्व्हरवर जाऊन बसते. उद्या इथला सर्व्हर जळला, चोरीला गेला, त्यात व्हायरस शिरला, तर ती प्रत आम्ही परत आणून देतो. एवढंच.

पुण्याला असताना मी दुसऱ्याच्या कंपनीत हेच काम करत होते. तिथे कुणाला समजावावं लागत नसे. इथे समजावता समजावता घसा बसतो आणि वर डोकं फिरतं. पहिल्या वर्षी मी रोज घरी येऊन नवऱ्यासमोर तडतडायची. शेवटी तो म्हणाला, "हे मला नको सांगू, लिहून काढ. जेवण तरी पचेल." तर हे घ्या.

*

आमचा पहिला फेरा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत. पुठ्ठ्याचे खोके करणारा कारखाना. मालक प्रेमळ माणूस, बसायला दिलं, चहा मागवला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "आमचो बॅकप आसा."

मला आनंदच झाला. म्हटलं, जागरूक माणूस दिसतो. "बघू शकते का?"

त्याने आम्हाला मागच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीला लागून इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या, पुसून लख्ख केलेल्या. त्यातल्या एकीवर हात ठेवून म्हणाला, "लायट गेली तरी सकाळपासून सांजेपर्यंत चलता."

मी समजावलं. लाईट वेगळी, माहिती वेगळी. सर्व्हर जळला तर बॅटरीत तुमची बिलं नसतात. तो मान डोलवत होता, मध्येच "बरोबर, बरोबर" म्हणत होता. माझं सगळं बोलून झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे लायट गेली तर तुमचो बॅकप चलता?"

"नाही. लाईट गेली की सर्व्हरच बंद पडतो ना."

"मगे तो कसलो बॅकप?"

मी चहाचा कप खाली ठेवला. निघताना त्याने प्रसादला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमच्या बॅटऱ्यो खंयच्या कंपनीच्यो?"

*

फोंड्याला औषधांचा एक घाऊक व्यापारी आहे. त्याने मात्र पहिल्याच भेटीत होकार दिला. मी टेबलाखाली शिरून वायरी जोडत होते, प्रसाद खुर्चीत बसून पाणी पीत होता. व्यापारी त्याला विचारतो, "साहेब, व्हायरस आला तर काय?"

प्रसाद म्हणाला, "वहिनींना विचारा."

मी टेबलाखालूनच उत्तर दिलं. रोजची प्रत वेगळी ठेवतो, व्हायरस यायच्या आधीची परत आणता येते.

"अस्सं होय, साहेब," व्यापारी प्रसादला म्हणाला. "आणि पासवर्ड विसरला तर?"

तेही मीच सांगितलं. पुन्हा "अस्सं होय, साहेब." असं बराच वेळ चाललं. मी खालून बोलत होते आणि माझं उत्तर वर प्रसादच्या नावावर जमा होत होतं. शेवटी तोच कंटाळला. "अहो, मला यातलं काही कळत नाही. मी गाडी चालवतो. सगळं काम वहिनींचं."

मी केसांना लागलेली जळमटं काढत बाहेर आले. व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि प्रसादला विचारलं, "मग टेक्निकल माणूस कधी येणार?"

*

डिचोलीतल्या एका पतसंस्थेचं काम मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. संध्याकाळी ऑफिस सुटलं की बॅकप सुरू व्हायचा, असं ठरवून दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर काहीच आलेलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

जाऊन चौकशी केली. मॅनेजर म्हणाले, "जाताना मी बंद करतो. उगाच वीज कशाला जाळायची?"

मी हात जोडले. बॅकप संध्याकाळीच जातो, सर्व्हर चालू राहू दे. त्यांनी कबूल केलं. तरी खबरदारी म्हणून मी स्विचवर लाल अक्षरांत चिकटवून आले: या स्विचला हात लावू नये.

पुन्हा काही आलं नाही.

मी तणतणत गेले. "तुम्ही परत बंद केलात?"

"बाई, स्विचला मी हातसुद्धा लावला नाही," ते शांतपणे म्हणाले. "मी मेन बंद केला."

मग मी थेट चेअरमनकडे गेले. इतक्या लोकांची आयुष्यभराची ठेव ज्या मशीनवर आहे, त्याची दुसरी प्रत नाही, आणि का नाही, तर विजेचं बिल. चेअरमननी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच समजावलं, "तो माणूस भारी जबाबदार हो. असा मॅनेजर आजकाल मिळत नाय."

आता तिथला बॅकप दुपारी जेवणाच्या सुट्टीत जातो. त्या सुट्टीत मॅनेजर दिवे बंद करतात, पंखे बंद करतात, सर्व्हर मात्र चालू ठेवतात. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जेवून परत यायचंच असतं ना."

*

धारगळला हायवेला लागून सिमेंट आणि टाइल्सचा एक डीलर आहे. नवीन गिऱ्हाईक असलं की पहिली प्रत जायला वेळ लागतो, कारण सगळंच पाठवायचं असतं. नंतर रोज फक्त बदललेलं जातं. हे त्याला मी सांगितलं होतं. "मी फोन करेपर्यंत काही हलवू नका," हेही सांगितलं होतं. त्यातच रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि त्याची पहिली प्रत अर्ध्यावर अडकली.

एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज मोठा खुशीत. "मॅडम, आज तुमची परीक्षा. सगळो डाटा मी उडवलो. आता परत हाडून दाखवा."

मला वाटलं चेष्टा करतोय. "खरंच उडवलात?"

"खरोच. रिसायकल बिनसुद्धा खाली केलंय. परीक्षा म्हणजे परीक्षा."

"अहो, तुमची पहिली प्रत अजून पूर्ण गेलेलीच नाही."

मग मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "काय केलात तुम्ही?"

आम्ही तशीच गाडी काढली. सर्व्हरला कुणी हात लावू नका म्हणून रस्ताभर फोनवर बजावत गेले. जे आमच्याकडे पोचलं होतं ते आलं. त्याच्या डिस्कवरून उकरून आणखी थोडं मिळालं. उरलेलं त्या माउलीने बिलांच्या प्रतींवरून पुन्हा एकेक करून भरलं. दुकानाचं बिलिंग तीच बघायची. कित्येक आठवडे ती घरचं सगळं आवरून दुकानात येऊन टाइप करत बसायची.

आणि हा गृहस्थ? पेडणेभर सांगत सुटला की बॅकपवाल्यांनी माझा डाटा घालवला. दोन गिऱ्हाइकांनी त्या सांगण्यावरून आम्हाला नको म्हटलं. मी प्रसादला म्हटलं, उद्याच्या उद्या याचं कनेक्शन तोडते, मग बघू कोणाची परीक्षा होते ती.

तोडायला म्हणून गेले तर बायको एकटीच काउंटरवर होती. माझं तोंड बघून तिने ओळखलं असावं. तिने मला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि आवाज खाली करून म्हणाली, "ताई, तोडू नकात. मी पासवर्ड बदललंय. आता तो माकाच माहीत आसा. ह्यांका सांगू नकात."

कनेक्शन अजून चालू आहे.

*

पेडण्याच्या एका फोटो स्टुडिओची गोष्ट आठवली की अजून माझा पारा चढतो.

त्याच्या सर्व्हरवर लग्नं, मुंजी, बारशी, सगळी नीट नावं घालून ठेवलेली. एका फोल्डरचं नाव होतं ‘भायले’. म्हणजे बाहेरचे. कोल्हापूर, बेळगावकडून इथे कामाला आलेल्या लोकांचे पासपोर्ट साइझ फोटो त्यात.

"हो फोल्डर नको घालूस," स्टुडिओवाला म्हणाला. "ती माणसां आज हय, उद्या खंय. तांचे फोटो कोण सांभाळता?"

मी म्हटलं, त्याला जागा कितीशी लागणार? पण सर्व्हर त्याचा, मर्जी त्याची. तेवढा फोल्डर सोडून बाकीचं आम्ही घेतलं.

पुढे परतीच्या पावसात वीज पडली आणि त्याचा सर्व्हर गेला. आम्ही नवीन मशीनवर सगळं परत आणून दिलं. मी तिथेच बसून एकेक अल्बम उघडून तपासत होते, तेवढ्यात एक बाई आत आली. चंदगडकडची. नवरा तुयेच्या एका कारखान्यात होता, कावीळ होऊन महिन्यापूर्वी गेला.

"त्यांनी ह्याच दुकानात फोटो काढलेला," ती म्हणाली. "भिंतीला लावायला मोठा करून पायजे हुता. मोबाइलमधलं समदं गेलं बघा."

स्टुडिओवाल्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कॉम्प्युटर जळलो. काय उरूक नाय."

समोर स्क्रीनवर एका नवरीचा अल्बम उघडा होता. त्या बाईने स्क्रीनकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पदर सावरत वळली.

मी उठून आडवी गेले. तिला बसवलं आणि कारखान्याचं नाव विचारलं. नशीब, तो कारखाना आमचाच गिऱ्हाईक. कामगारांच्या गेटपासचे फोटो त्यांच्या सर्व्हरवर असतात, म्हणजे प्रत आमच्याकडे. पण ती मी आपली उघडू शकत नाही, त्यांची माहिती आहे. म्हणून तिथल्या पर्सोनेल ऑफिसरला फोन केला.

"असं देता येत नाही," तो म्हणाला. "मेल करा. वर विचारून सांगतो."

पुढे मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. प्रसाद उठून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला, यावरून समजा. थोड्या वेळात फोटो आला.

फोटोत तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर कंपनीची टोपी होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग स्टुडिओवाल्याला म्हणाली, "टोपी काढता येती काय वो?"

आता खोटं कशाला बोलू, तो माणूस लगेच कामाला बसला. टोपी काढली, छान दाट केस लावले, भांग पाडला. तिने वाकून पाहिलं आणि मान हलवली. "एवढं केस न्हवतं त्यांचं."

त्याने केस कमी केले. "आणि थोडं," ती म्हणाली. त्याने आणखी कमी केले. "हां. आता तेच."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्याचा फोन आला. "ताई, तो फोल्डर पण घाला बॅकपमध्ये."

"आधी नाव बदला. मग घालते."

"काय नाव घालू?"

म्हटलं, "गिऱ्हाईक."

*

शेवटचा सांगते.

डिचोलीजवळ एक काजूचा कारखाना आहे. मालक वयस्क, मोठं प्रस्थ. त्याचा मुलगा पणजीला असतो, त्याने परस्पर आमच्याकडून बॅकप लावून घेतला. म्हणाला, "बाबांना असल्या नव्या गोष्टी पटत नाहीत. मी सांगतो त्यांना सवडीने." आम्हाला काय, आम्ही लावला.

एका रविवारी दुपारी कारखाना बंद असताना ऑफिसच्या खोलीला आग लागली. बंब वेळेवर आला. शेजारीच काजूचं भरलेलं गोदाम होतं, त्याला झळसुद्धा लागली नाही. जळली ती एक खोली. सर्व्हर, कपाटं, कागद, सगळं कोळसा.

मुलाचा मला फोन आला तेव्हा मी जेवून उठत होते. तशीच ऑफिसला गेले, सगळी माहिती लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि संध्याकाळच्या आत कारखान्यात पोचले.

अंगणात माणसं जमली होती. मालक खुर्ची टाकून बसले होते आणि येईल त्याला सांगत होते, "देवाची इच्छा. हिशेब गेले तर जाऊ देत, माणसां वाचली." हिशेब बघणाऱ्या सुलभाताई कारखाना सुरू झाल्यापासून तिथे आहेत. त्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडत होत्या. "परवा टॅक्सचे साहेब हिशेब तपासूक येतले. तांका मी काय दाखवू? माझी सगळी वर्सां त्या खोलीत होती."

मालक म्हणाले, "रडू नको गे. मी साहेबांका फोन करून सांगितलंय. काय उरूक नाय म्हणून."

मी सुलभाताईंच्या शेजारी पायरीवरच बसले आणि लॅपटॉप उघडला. त्यांनी आधी नुसतंच पाहिलं. मग डोळे पुसले, स्वतः हात पुढे करून एक पान उघडलं, दुसरं उघडलं. "ही माझीच एंट्री. ही पण." त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. लोक भोवती गोळा झाले. मुलाने प्रसादची पाठ थोपटली. या धंद्यात आल्यापासून मला इतकं भरून आलं नव्हतं.

लोकांनी वाट करून दिली आणि मालक उठून आले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ते वाकून स्क्रीन बघत राहिले.

"सगळां?" त्यांनी विचारलं.

"सगळं. शनिवारी तुमचं ऑफिस सुटलं तोपर्यंतचं."

"आदल्या वर्सांचां?"

"तेही."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. एकदा मुलाकडे पाहिलं. मग सुलभाताईंच्या बाजूला, त्याच पायरीवर, हळूहळू खाली बसले.

"बाय," ते मला म्हणाले, "तुमची सर्व्हिस खूप बरी आसा. इतकी बरी आसा म्हणान माका कोणी सांगूकच नाय."