भूल चढेपर्यंत गप्प

वारलूचं अर्धं आयुष्य लोकांना गप्प बसवण्यात गेलं. सावली तालुक्याकडच्या जंगलात वाघ पकडणाऱ्या पथकात तो मजूर. भुलीची बंदूक जनावरांच्या डॉक्टरांच्या हातात. वाघ आडवा झाला की त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं, हे वारलूचं काम, आणि त्याआधी गर्दी आवरायची. भुलीचं इंजेक्शन लागलं की वाघ तिथंच झोपला, असं होत नाही. औषध अंगात भिनेपर्यंत शांतता लागते. गलका झाला तर बिथरलेलं जनावर औषधालाही दाद देत नाही. घसा कोरडा होईस्तोवर त्यानं हे गावोगाव सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! वाघ दिसला की डबे बडवून हाकलायचा, एवढंच इथं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक.

यंदा वाघ त्याच्याच गावच्या शिवारात आला. मोहफुलं वेचायला गेलेल्या ठमाबाईला त्यानं मारलं. झाडांखाली फुलांचा सडा कुजायला लागला. वारलूची बायको रुखमा म्हणाली, वाघ लवकर पकडा, नाहीतर मी तशीच फुलं वेचायला जाईन. हंगाम काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. म्हणून या खेपेला वारलूनं घरोघरी जाऊन हात जोडले. आणि लोकांनी चक्क ऐकलं.

भुलीच्या इंजेक्शनचा डार्ट वाघाच्या मांडीत बसला. तो झोकांड्या खात झुडपापाशी गेला आणि खाली बसला. मान कलायला लागली. बांधावर अख्खं गाव उभं होतं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. वारलूनं फडकं भिजवलं. तेवढ्यात ठमाबाईचा नवरा डोमा गर्दीतून पुढे घुसला आणि बायकोचं नाव घेऊन वाघाला शिव्या घालायला लागला. वाघानं मान उचलली, धडपडत उठला आणि नाल्याकडच्या झाडीत शिरला. पथकानं अंधार पडेपर्यंत शोधलं. सापडला नाही.

वारलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक डोमाच्या अंगणात गेला.

"काऊन ओरडले, डोमाभाऊ? झोपतच होता ना तो."

डोमा खाटेवर बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"झोपेतच उचलून नेला असता, तं त्याले कसं समजलं असतं, कोनाले खाल्लं ते?"

तोंडाशी आलेली शिवी वारलूनं गिळली. राग होता तेवढाच होता, पण काढायचा कुणावर? तो घरी आला, तर रुखमा सकाळसाठी मोहफुलांची टोपली झटकून ठेवत होती. जाऊ नको, असं म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं.