पालथ्या बाळांच्या डॉक्टर

डॉ. निर्मलाताईंची आणि माझी पहिली भेट नगरच्या त्यांच्या रुग्णालयात, नवजात बाळांच्या कक्षाच्या दाराशी झाली. मी वार्ताहर असल्याचे भारदस्तपणे सांगितले. ताईंनी एवढेच विचारले, "हात धुतलेस का?" 'शुचिर्भूत' या शब्दाची व्युत्पत्ती मला ठाऊक होती, त्याचा अर्थ मात्र कोपरापर्यंत साबण लावायला लावून ताईंनी शिकवला.

मी मात्र बातमीसाठी गेलो नव्हतो. माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, पुणतांब्याला आली होती आणि दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगी लहानशा पपईएवढी. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात. नाकाशी ऑक्सिजनची नळी लावून ताईंनी तिला पालथी निजवली होती. मान एका बाजूला, भोवती कापडाच्या गुंडाळीचा आधार.

भाचीची आई, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, ते पाहून हादरली. "एवढंसं लेकरू पालथं घालत्यात व्हय कुठं? गुदमरंल की!" नातीचे डोके गोल व्हावे म्हणून राळ्याचे दाणे भरलेली उशी तिने पदराआड आणली होतीच. परिचारिकेची पाठ वळताच तिने नातीला उताणी केली आणि डोक्याखाली उशी सारली. यंत्र केकाटू लागले. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला.

ताई आल्या. "अहो छकुताई, चला, पोटावर या," म्हणत त्यांनी बाळाला अलगद वळवले. ताई बाळांना अहोजाहो करतात. आम्हा मोठ्यांना ती सवलत नाही. मग अक्काकडे वळल्या. "अक्का, हिची छाती अजून मऊ आहे. पालथं निजलं की तिला आधार मिळतो, श्वासाला कष्ट कमी पडतात. माझं ऐकू नकोस, त्या आकड्याकडे बघ."

आकडा हळूहळू वर सरकला. अक्काने डोळे पुसले. "चढतोय की गं बया!"

दुसऱ्या दिवसापासून कक्षाबाहेरच्या बाकावर बसून अक्का प्रत्येक नव्या आजीला बजावू लागली, "आत उशीबिशी न्यायची न्हाई. अन् लेकराला हात लावायचा न्हाई." विरोधकाला हरवण्यापेक्षा त्याला प्रचारक करावे, ही ताईंची रीत. आमच्या राजकारण्यांना ती अजून साधलेली नाही.

पुढे नळी निघाली, वजन भरले आणि घरी जायचा दिवस उजाडला. ताई म्हणाल्या, "आता घरी मात्र उताणंच निजवायचं. इथे यंत्र आणि आम्ही सतत नजर ठेवून होतो, म्हणून पालथं चाललं. आणि उशी घरीसुद्धा नाही."

"आता उताणं?" अक्का कडाडली. "डाक्टरीनबाई, तुमचं एक काय ते ठरवा!"

"ठरवलंय," ताई हसल्या. "हिनं श्वास घेत राहायचा."

आज ती मुलगी आजोळी आली, की गोदावरीच्या घाटावरून हाक मारते, ती पलीकडच्या तीरावर ऐकू जाते. तिच्या फुप्फुसांविषयी गावात कोणालाही शंका उरलेली नाही. तक्रारी आहेत, त्या शेजाऱ्यांच्या.

ताईंनी साठी गाठली. त्या आता विश्रांती घेणार असल्याचे कानावर आले. बातमी खात्रीलायक नसल्याने मी ती छापलेली नाही. जगात यायची घाई पोरे करतच राहणार, तेव्हा दाराशी ताई उभ्या असलेल्या बऱ्या. त्यांचे गुडघे मजबूत राहोत, दरारा कायम राहो, आणि उदंड, निरोगी आयुष्यात आपल्या हातून तगलेल्या बाळांच्या बारशा-लग्नांची एवढी जेवणे त्यांना जेवावी लागोत, की शेवटी पथ्य त्यांनाच पाळावे लागेल!