वातकुक्कुट बाई आणि सातवी ब

पोरांनी तिचं नाव ‘वातकुक्कुट’ ठेवलं तेव्हा मी मनातून खूश झाले होते. छपरावरचा तो पत्र्याचा कोंबडा वारा येईल तिकडे तोंड करतो. हिचंही तसंच. शिकवता शिकवता मान खिडकीकडे. वाटलं, चला, पोरांनी बरोबर ओळखलं. आठ दिवसांत कळलं की नाव लाडाचं आहे. माझंही एक नाव आहे, ‘तक्ता’. त्यात लाड नाही.

तोंडावर मी तिला अहो-जाहो करते. पण मनात ती गेली चार वर्षं ‘ती’च आहे, म्हणून इथेही तसंच लिहिते.

आम्ही दोघी सातवीला विज्ञान शिकवतो. अ तुकडी माझी, ब तिची. मला नोकरीत बावीस वर्षं झाली, तिला चार. त्याआधी ती वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसायची. वडिलांचे हात थरथरायला लागले तशी बारीक कामं हिच्याकडे आली. दुकानाच्या काउंटरमागे अभ्यास करून हिनं बाहेरून परीक्षा दिल्या आणि चाळिशीला आल्यावर शिक्षिका झाली. लग्न केलं नाही. वडील गेले, दुकान गेलं, एक डोळा बारीक करून वस्तू बघायची सवय तेवढी राहिली. कमरेपर्यंत वेणी, निम्मी पांढरी. ना रंग, ना तेल. मी दर महिन्याला केस रंगवते, रोज तेल लावते, आणि तरी लोक बघतात ते तिच्या वेणीकडे.

‘हवामानाची उपकरणे’ हा धडा मी दोन तासांत संपवते. तक्ता लावायचा, पट्टीने दाखवायचं. हा तापमापक, हा वायुदाबमापक, हा पर्जन्यमापक. व्याख्या फळ्यावर, आकृती वहीत, आकृतीला नावं उजव्या बाजूला. परीक्षेत माझ्या वर्गाचे गुण दरवर्षी तिच्या वर्गापेक्षा जास्त असतात. हे मी मुख्याध्यापकांना त्यांनी न विचारताही सांगते.

तिला याच धड्याला दीड महिना लागतो. कागदी कपांचं वारा मोजायचं चक्र, त्यात एक कप लाल, म्हणजे फेऱ्या मोजता येतात. बरणीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून त्यावर काडी चिकटवली, की झाला वायुदाबमापक. बाटली कापून पर्जन्यमापक. मुलांनी विचारलं, “बाई, बरोबर उत्तर काय?” तर ही म्हणणार, “मला काय विचारतोस? बरणीला विचार.” नियम एकच. उपकरण दाखवेल ते लिहायचं. पटलं नाही तरी लिहायचं, खाडाखोड करायची नाही. मधली भिंत पातळ आहे. तिकडे हसू फुटलं की माझी अख्खी अ तुकडी त्या भिंतीकडे बघायची, आणि मी फळ्यावर ‘आर्द्रता’ लिहिता लिहिता खडू मोडायची.

एवढ्यावर निभावलं असतं. पण यंदा माझी मुलगी सातवीत गेली. शिक्षकाचं मूल त्याच्याच वर्गात ठेवायचं नाही, असा आमच्या शाळेचा दंडक आहे. ती ब तुकडीत गेली.

मग घरात ‘आमच्या बाई’ सुरू झालं. दात घासताना आमच्या बाई, जेवताना आमच्या बाई. एकदा गच्चीवर ढग बघत होतो. मी काही सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, “थांब, बाईंना विचारते.” अगं, ‘ढग’ हा शब्द तुला बोलायला कोणी शिकवला? माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. नवरा म्हणाला, “तूही विज्ञानच शिकवतेस ना?” त्या माणसाशी मी दोन दिवस बोलले नाही.

एके दिवशी मुलगी बुटांचं खोकं घेऊन आली. खोकं उभं, झाकण बंद, फटीतून काडीचा काटा बाहेर आलेला, बाजूला रेघा.

“आई, हा केसाचा आर्द्रतामापक. आत केस टांगलाय. हवा दमट झाली की केस लांबतो आणि काटा खाली येतो. कोरडी झाली की केस आखडतो, काटा वर जातो.”

“माहीत आहे मला.” तक्त्यावर सातव्या क्रमांकावर आहे.

“गुरुवारपर्यंत झाकण उघडायचं नाही आणि सोमवारपासून रोज नोंद करायची. केस बाईंचा आहे. त्यांनी स्वतःचा उपटून दिला. हात लावू नकोस हं!”

हात लावू नकोस. माझ्या घरात, माझ्या मुलीच्या टेबलावर त्या बाईचा केस, आणि मी हात लावायचा नाही.

रविवारी दुपारी मुलगी मैत्रिणीकडे गेली. मी काय केलं ते लिहायला आता लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. झाकण उघडलं. तो लांबसडक पांढरा केस काढून खिडकीबाहेर सोडला. माझ्या डोक्यातला एक उपटला, त्याच जागी चिकटपट्टीने लावला, काटा मधल्या रेघेवर आणला आणि झाकण बंद केलं. आता रोज सकाळी ती माझ्या केसाकडे बघून नोंद करणार, या विचाराने मी संध्याकाळभर गुणगुणत होते.

त्या आठवड्यात हवा इतकी कोरडी होती की ओठ फुटत होते, दोरीवरचे कपडे तासाभरात वाळत होते. गुरुवारी ब तुकडीत सगळ्यांची खोकी मागवून एकेकाला उभं करून नोंदी वाचायला सांगितल्या. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. एकामागून एक मुलं वाचत होती, कोरडं, कोरडं, फार कोरडं. मग माझ्या मुलीचा आवाज आला.

“सोमवार, पूर्ण दमट. मंगळवार, पूर्ण दमट.”

वर्ग हसला. कोणीतरी ओरडलं, “तुझ्या घरात पूर आलाय का गं?” पुन्हा हसू. तरी तिनं गुरुवारपर्यंत वाचलं. चारही दिवस, पूर्ण दमट.

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. तेल! तेलकट केसाला चिकटपट्टी धरत नाही. केस निसटला होता आणि काटा तळाला जाऊन बसला होता. ‘केस प्रथम साबणाने धुऊन तेलविरहित करावा’, हे वाक्य मी बावीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं आहे. दोन गुणांना येतं.

मधल्या सुट्टीत वातकुक्कुट माझ्या मुलीचं खोकं घेऊन शिक्षकखोलीत आली. दुसरं कोणी नव्हतं. तिनं खोकं माझ्यापुढे ठेवलं, झाकण उघडलं, एक डोळा बारीक केला.

“निसटलाय. तेल आहे त्याला.”

मी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

“मी दिला होता तो पूर्ण पांढरा होता, बाई. हा मुळाशी नखभर पांढरा आहे आणि पुढे काळा.”

हे बोलताना तिनं माझ्या डोक्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिचा तो सभ्यपणाही मला सहन झाला नाही.

“तुम्ही तिला काय सांगितलंत?”

“काही नाही. उपकरणात बिघाड असेल, शोधू या, म्हटलं. सगळे हसत असताना तिनं नोंद बदलली नाही, हे वर्गाला सांगितलं.” ती झाकण लावायला लागली. “पण बांधताना आपलंच चुकलं असं तिला वाटतंय. मघाशी रडत होती. तेवढं तुम्ही बघा.”

तिनं आरडाओरडा करायला हवा होता. मुख्याध्यापकांकडे जायला हवं होतं. म्हणजे मला तिच्याबद्दल चार शब्द वाईट बोलता आले असते. तिनं त्याचीही सोय ठेवली नाही.

घरी आले तेव्हा मुलगी खोकं उघडून बसली होती. डोळे सुजलेले. चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत होती. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं.

“तुझं काही चुकलं नाही. बाईंचा केस मी काढला आणि माझा लावला. माझ्या केसाला तेल होतं.”

“का?”

“मला हेवा वाटला. बाईंचा.”

ती रडेल, दार आपटेल, बाबांना सांगेल, सगळ्याची मी तयारी केली होती. ती पुन्हा चिकटपट्टीचं टोक शोधायला लागली.

“आई, मी आधी तुझाच मागितला होता.”

“कधी?”

“खोकं केलं त्याच्या आदल्या दिवशी. तू वह्या तपासत होतीस. मी दोनदा मागितला. तू म्हणालीस, डोकं खाऊ नकोस, जा, तुझ्या त्या बाईंना माग.” तिला शेवटी चिकटपट्टीचं टोक सापडलं. “म्हणून मी बाईंना मागितला.”

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, यात शंका नाही.

“आता देऊ?” मी म्हटलं. “आत्ता डोकं धुते. साबणाने, दोनदा.”

“आता नको.” तिनं वहीच्या पानांतून एक लांब पांढरा केस अलगद काढला. “बाईंनी दुसरा दिलाय. तू एक टोक धर, म्हणजे मला नीट चिकटवता येईल.”

मी टोक धरलं. खोटं कशाला बोलू, धरतानाही पोटात दुखतच होतं. पण हात हलू दिला नाही.