पोळपाटाएवढं वर्तुळ

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होते. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ आठवते, कारण मी ती लिहून ठेवली. "वर्षा, सतीश गेला गं," एवढंच ती म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरात किटली उकळत होती, ती खटकन बंद झाल्याचंही मला ऐकू आलं. फोन ठेवल्यावर मी वहीचं नवं पान उघडलं आणि यादी केली. पुण्याला त्याच्या भावाला कळवणं. मेनूथला शिकणाऱ्या त्यांच्या मुलीला, ईराला, आणायला कोण जाणार. अंत्यसंस्कार, भटजी, डब्लिनहून येणाऱ्यांची झोपायची सोय. अशी चौदा कामं निघाली. नववं काम होतं, 'बंदूक आणि काडतुसं, गार्डाला कळवणे.' इथल्या पोलिसाला गार्डा म्हणतात. पाचव्या दिवशी चौदाही कामांपुढे टिक झाली आणि माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. आता सहा आठवडे होत आले. अजूनही काही सुचलेलं नाही.

सतीश इथे आयर्लंडमध्ये, लेटरकेनीच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होता. मी जवळच्याच एका कारखान्यात वैद्यकीय उपकरणांची गुणवत्ता तपासते, म्हणून तो मला "ए क्वालिटी" अशी हाक मारायचा. त्याची-माझी अकरा वर्षांची मैत्री. त्यातली शेवटची दोन वर्षं एका जुन्या बंदुकीभोवती गेली, हे लिहिताना मला स्वतःलाच नवल वाटतं, कारण आमच्यापैकी कुणाच्या घरात सात पिढ्यांत कोणी बंदूक धरलेली नव्हती. ती बंदूक पॅकीची. पॅकी म्हणजे सतीशचा शेजारी, मेंढ्या पाळणारा, ऐंशीच्या पुढचा माणूस. त्याची नजर अधू होत गेली तसा सतीश त्याला दर महिन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गाडीने न्यायचा. एकदा परत येताना पॅकीने गाडीतच जाहीर केलं की वडिलांची बंदूक आता डॉक्टरला द्यायची, पोराला अमेरिकेत तिचं काही अप्रूप नाही. सतीशने रीतसर परवाना काढला, भिंतीत पोलादी कपाट ठोकून घेतलं, गार्डाने येऊन ते तपासलं. मुक्ता म्हणाली, "घरातलं सगळ्यात भक्कम कपाट, आणि त्यात काय तर म्हाताऱ्याची बंदूक. माझ्या पैठण्या मात्र तुटक्या दाराच्या प्रेसमध्ये." इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि मुक्ता पैठणीच्या बाबतीत कधीच विनोद करत नसे.

अडचण एवढीच होती की ती बंदूक सोळा बोअरची होती. बोअर म्हणजे नळीचं माप, आकडा वाढला की नळी बारीक. सगळं जग बारा बोअर वापरतं, त्याहून हलकी हवी तर वीस. सोळा या दोघांच्या मधली, जुन्या काळची. गावातल्या दुकानात बाराची काडतुसं भिंतभर आणि सोळाचे दोन खोके तळाच्या फळीवर, धूळ खात. तेवढ्यावर कबुतरं आणि फेजंट पक्ष्यांची शिकार भागली असती. पण त्या नाताळात पॅकीचा मुलगा डेक्लन व्हर्माँटहून आला आणि त्याने सतीशच्या डोक्यात जंगली टर्कीची शिकार भरवली. वसंतात पहाटे झाडाला टेकून बसायचं, पापणीही हलवायची नाही, पाटीवर काडी घासून मादीसारखा आवाज काढायचा आणि नराला आपल्यापर्यंत यायला लावायचं. डेक्लन म्हणाला, येता वसंत सोड, त्याच्या पुढच्या वर्षी एप्रिलअखेर ये, आजोबांची बंदूक घेऊनच ये. मी सतीशला म्हटलं, "अरे, टर्की डिसेंबरमध्ये साफ करून, पिशवीत घालून मिळते." त्यावर तो म्हणाला, "मिळते गं. पण ती स्वतःहून येत नाही ना." त्याचा जन्म माणसांना झोपवण्यात गेला होता. कुणाला तरी हाक मारून बोलवायचं, याचं त्याला काय वाटत होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

मग योग्य काडतुसांचा शोध सुरू झाला आणि शोध म्हटल्यावर तक्ता माझ्याकडे आला. टर्कीच्या डोक्या-मानेवर नेम धरतात, म्हणून छर्रे दाट पडायला हवेत. डेक्लनचा हिशेब असा, की दहा इंचांच्या वर्तुळात शंभर छर्रे लागले तरच त्या अंतरावरून बार काढायचा, नाहीतर पक्षी जखमी होऊन तडफडतो. दहा इंचांचं वर्तुळ काढायला मी घरातून पोळपाट आणला. खाकी कागदावर पोळपाट ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, पॅकीच्या मागच्या शेतात गवताच्या गठ्ठ्यावर कागद टाचायचा. सतीश मोठ्याने मराठीत पावलं मोजत मागे जायचा, "सत्तावीस, अठ्ठावीस..." आणि पॅकीला तेवढे आकडे पाठ झाले. बार झाला की मी भोकं मोजायची, दहा-दहांना पेन्सिलीने गोल करत.

पहिल्याच दिवशी आम्ही जी चूक केली ती आमच्यासारख्यांनीच करावी. सतीशने दुकानदारामार्फत टर्कीसाठी बनवलेली खास अमेरिकन काडतुसं मागवली होती. दुकानदाराने बजावलं होतं, जुनी बंदूक आहे, आधी चेंबर मोजा. चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा. आम्ही मोजलं. मी कारखान्यातल्यासारखी व्हर्नियर घेऊन बसले. चेंबर पासष्ट मिलिमीटर, काडतूस साठ. पाच मिलिमीटर मोकळे. तक्त्यात लिहिलं, 'बसते. ओके.' शेतात सतीशने काडतूस भरलं, कानाला संरक्षक लावले. पॅकी बाजूला काठीवर रेलून उभा होता. त्याने सहज विचारलं, खोक्यावर किती लिहिलंय? सतीश म्हणाला, सत्तर. पण आम्ही मोजलंय, साठच आहे. पॅकी पुढे आला, चाचपडत बंदूक मधोमध मोडून उघडली आणि काडतूस काढून स्वतःच्या खिशात टाकलं. मग बोटांनी काडतुसाचं दुमडलेलं तोंड कसं उघडतं ते दाखवत म्हणाला, "डॉक्टर, खोक्यावर लिहितात ती लांबी ते उडाल्यानंतरची. उडताना ते उघडतं. तुम्ही त्याला उघडायला जागा कुठे ठेवलीय?"

 ती काडतुसं त्या बंदुकीत उडाली असती तर दाब कुठल्या कुठे जाऊन नळीच फुटली असती. मग सतीश हसायला लागला. "क्वालिटी, रोज अशीच यंत्रं पास करतेस का गं?" मी म्हटलं, "आणि तू रोज असंच कुणी सांगेल ते टोचतोस का?" पॅकी सतीशकडे काठी करून मला म्हणाला, "युअर मॅन इज ग्रँड, गडी झकास आहे, पण तक्त्याला चष्मा लावा." त्या दिवशी तक्त्याच्या माथ्यावर सतीशने त्याच्या तिरक्या अक्षरात नियम लिहिला, 'मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. काय मोजतोय ते आधी विचारायचं.'

सप्टेंबर-ऑक्टोबर मजेत गेले. पासष्टची काडतुसं तीन वजनांत मिळाली. अठ्ठावीस ग्रॅम छऱ्यांचं, सव्वीसचं आणि चोवीसचं. अठ्ठावीसने अठ्ठावीस पावलांवरून एकशे तीन छर्रे पोळपाटात बसवले. सतीश इतका खूश झाला की त्याने तो कागद घडी घालून मुक्ताला दाखवायला नेला, आणि ईराने तिच्या इथल्या, डोनेगालच्या वळणाच्या इंग्रजीत विचारलं, "बाबा, दॅट्स लव्हली, बट व्हॉट डिड द पेपर डू टू यू?" मी दुसरी यादी सुरू केली होती, प्रवासाची. बंदूक नेण्याचे अर्ज, डेक्लनकडून शिकारीचा परवाना, बंदुकीसाठी विमानात चालणारी पेटी.

नोव्हेंबरमध्ये त्याचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कर्करोग. तपासणीचा कागद त्याने स्वतः वाचला. डॉक्टरला कुणी काय समजावणार... उपचार सुरू झाले, वजन उतरत गेलं. पण शनिवारचं शेत त्याने सोडलं नाही. फक्त बंदुकीचा धक्का आता त्याला सोसेना. अठ्ठावीसवरून आम्ही सव्वीसवर आलो, जानेवारीत चोवीसवर. छर्रे कमी झाले की दाटपणा टिकवायला अंतर कमी करावं लागतं. अठ्ठावीसची चोवीस पावलं झाली, मग बावीस. मी तक्त्यात एक नवा रकाना आखला, 'खांदा.' तो रुग्णांना विचारायचा तसंच मी त्याला विचारायची, शून्य ते दहा, किती दुखतंय? तो म्हणायचा, "तीन." दर वेळी तीन. एका दुपारी तो आत झोपलेला असताना मुक्ता मला म्हणाली, "खांदा जांभळा झालाय त्याचा. शर्ट घालताना तोंडात रुमाल धरतो." पुढच्या शनिवारी मी विचारलं, नक्की तीन? त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तीनच लिही." मी तीन लिहिलं. आणखी काय करणार होते? बंद करू या म्हणाले असते, तर त्याला काय उरलं असतं? आणि चालू ठेवून मी त्याला काय देत होते, तेही मला सांगता येत नव्हतं. अर्ज भरत होते. विमानाचं तिकीट बदलता येणारं काढलं होतं. रोज एखादं काम शोधून त्यापुढे टिक करत होते.

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. ईरा मेनूथहून आली होती, तिने बाबांची घडीची खुर्ची शेतात आणून ठेवली. टर्कीची शिकार बसूनच करतात, तेव्हा हे बरंच झालं, असं सतीश म्हणाला. या वेळी वीस पावलं मोजली ती पॅकीने, सतीशकडून शिकलेल्या मराठीत, अडखळत. एकच बार झाला. नळी वर उडाली, सतीश डोळे मिटून तसाच बसून राहिला, आणि ईराने पटकन मागून त्याला धरलं. मी कागदाशी गेले. लांबूनच दिसत होतं. छऱ्यांचा सगळा झुबका खाली उजवीकडे गेला होता. पोळपाटाच्या वर्तुळात थोडी विखुरलेली भोकं. पेन्सिल माझ्या हातात होती.

"किती?" त्याने खुर्चीतून विचारलं.

"एकशे चार," मी म्हटलं.

एक भोकही न मोजता. तीस वर्षांच्या नोकरीत मी न मोजता आकडा दिला नव्हता. तो म्हणाला, "वा. म्हणजे विसाला जमतंय." मग कागदासाठी हात पुढे केला, घडी घालून कोटाच्या आत ठेवला. मी तक्त्यात लिहिलं, चोवीस ग्रॅम, वीस पावलं, एकशे चार. खांदा? तो म्हणाला, "तीन." त्यानंतर तो शेतात आला नाही. मार्चच्या शेवटी गेला. डेक्लनकडचा मोसम सुरू व्हायला महिना होता.

बंदूक आता परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा आहे, काडतुसंही. पोलादी कपाट रिकामं आहे आणि मुक्ताने पैठण्या अजून त्यात हलवलेल्या नाहीत. गेल्या आठवड्यात तिने मला सतीशच्या कोटातून निघालेला तो खाकी कागद दिला. "हे तुझं असेल," म्हणाली. मी गाडीत बसून उघडला. वर्तुळातल्या प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीने बारीक गोल होते. दहा, दहा, दहा, आणि आठ. माझ्याच पद्धतीने. खाली त्याच्या तिरक्या अक्षरात अडतीस. बाकी काही नाही. त्याच संध्याकाळी मी मुक्ताला फोन करून विचारलं, तुला काही म्हणाला होता का तो?  ती म्हणाली, "अमेरिकेला जायचं नाहीये हे त्याला गेल्या नाताळातच कळलं होतं गं. मी म्हणायची, मग कशाला शेतात जातोस, अंगात बळ नाही. तर म्हणायचा, शनिवारी क्वालिटी येणार, तिला काहीतरी करायला लागतं."

आमच्या कारखान्यात चुकीचा आकडा पुसत नाहीत. त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. काल मी तक्ता काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर बसले. शेवटच्या ओळीत एकशे चार, त्यापुढे तीन. एक खोटा आकडा माझा, एक त्याचा. पेनचं टोपण काढलं... आणि बराच वेळ तशीच बसले. मग टोपण लावलं. कणीक मळून ठेवलेली होती. पोळपाट काढला. त्याच्या कडेला अजून पेन्सिलीची रेघ आहे, रोज धुते तरी.